वसंतातले पंधरा दिवस
ब्लूबेरीच्या मळ्यांतील बुरशी व तिचा बंदोबस्त

शेतकऱ्याचे शत्रू पुष्कळ आहेत. पण त्यांतील बहुतेक डोळ्यांना दिसतात. रानडुकरे शेतात शिरली तर रात्री डबे वाजवून ती हाकलता येतात. टोळधाड आली तर आकाश काळे होते. ओढ्यास पूर आला तर त्याचा आवाज घरात ऐकू येतो. बुरशीचे तसे नाही. ती येते तेव्हा कोणास कळत नाही, आणि कळते तेव्हा तिचे काम उरकलेले असते. पान करपले, फळ कुजले, म्हणजे मग बागाईतदार औषधाचा पंप पाठीस लावतो. परंतु ते बहुधा वरातीमागून घोडे ठरते. बुरशीशी लढावयाचे तर ती दिसण्यापूर्वीच लढले पाहिजे. मग जी दिसत नाही तिची वेळ ओळखावयाची कशी, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील ब्लूबेरी पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी व तेथील शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधून काढले आहे ते आमच्या वाचकांस सांगावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. आमच्या वाचकांत पोफळी-माडांचे बागाईतदार आहेत, द्राक्षाचे मळे करणारे आहेत, आणि ज्यांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत असेही आहेत. पहिल्या दोघांस यातील युक्ती उपयोगी पडेल. तिसऱ्यांस, आपली नातवंडे ज्या निळ्या फळांच्या वाट्या आवडीने संपवितात त्यांच्यामागे केवढी जागरणे असतात हे तरी कळेल.

फळ आणि त्याची भूमी

ब्लूबेरी हे फळ अलीकडे आपल्या मोठ्या शहरांच्या बाजारांतही लहान डब्यांतून दिसू लागले आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी आपले करवंद डोळ्यांपुढे आणावे. रंग काळपट निळा, वर राखेसारखी पुसट साय, टोकाला चांदणीसारखा छोटा मुकुट. करवंदाप्रमाणे झुडपास काटे नाहीत आणि फळास चीकही नाही. फुले मात्र पांढरी, उलट्या टांगलेल्या चिमुकल्या घागरींसारखी असतात.

या फळाच्या दोन मुख्य जाती व्यापारात आहेत. एक उंच झुडपाची. ती माणसाने बागेत आणली त्यास फार काळ लोटलेला नाही. या झाडास आंबट, म्हणजे आम्लधर्मी जमीनच लागते हे फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रयोगांनी सिद्ध करून १९१० साली प्रसिद्ध केले. पुढे न्यू जर्सीमधील एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी त्याच्याबरोबर काम करून निवडक झुडपांची लागवड केली आणि १९१६ साली त्या लागवडीचे पहिले पीक बाजारात गेले.

दुसरी जात बुटकी. ती कोणी लावीत नाही. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन या राज्यात आणि त्याला लागून असलेल्या कॅनडाच्या न्यू ब्रन्स्विक, नोव्हा स्कोशिया वगैरे प्रांतांत ती रानोमाळ आपोआप वाढते. हिमयुगात बर्फाने आणून टाकलेली रेताड, निकस, आंबट जमीन हेच तिचे माहेर. झुडूप वीतभर, फार तर हातभर उंच. पण जमिनीखालून त्याची खोडे दूरवर पसरतात, आणि एकेका मूळ रोपाचा विस्तार जमिनीवर एखाद्या चटईसारखा दिसतो. अशा शेकडो चटया एकमेकींस लागून एक मळा तयार होतो. प्रत्येक चटईचा स्वभाव निराळा. एक लवकर फुटते, दुसरी आठवडाभर उशिरा. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून तेथील वाबानाकी आदिवासी ही फळे वेचीत आणि माळास आग लावून झुडपांना नवा फुटवा आणीत. त्यांच्यापैकी पासामाक्वॉडी जमातीचे आजही स्वतःचे विस्तीर्ण मळे आहेत. शेतीची रीतही मूळची तीच राहिली आहे. एका वर्षी झुडपे जमिनीलगत जाळतात किंवा यंत्राने कापतात. त्या वर्षी नुसती वाढ होते आणि वर्षाअखेर फुलांच्या कळ्या धरतात. दुसऱ्या वर्षी मे-जूनमध्ये फुले येतात आणि ऑगस्टमध्ये तोडणी होते. म्हणजे एका जमिनीतून दोन वर्षांत एकच पीक. ज्या शेतकऱ्याचा त्या एका वसंतात घात होतो त्याची दोन वर्षांची मेहनत बुडते. या मळ्यांतील रोगाकडे इतक्या बारकाईने का पाहिले जाते याचे कारण येथे आहे.

तिकडचा वसंत

आपल्याकडे वसंत म्हटला की कोरडी हवा, आंब्याचा मोहोर, दुपारचे ऊन असे चित्र डोळ्यांपुढे येते. मेनमधील वसंत अगदी वेगळा. एप्रिलमध्ये बर्फ वितळून जमीन चिंब होते. समुद्र जवळ असल्याने धुके पडते, बारीक पाऊस दोन-दोन दिवस झिमझिमत राहतो, आणि मध्येच एखादी रात्र अशी येते की सकाळी कोवळ्या फुटव्यावर हिमाचा पांढरा थर दिसतो. झुडपे नेमकी याच वेळी जागी होतात. कळ्यांचे तपकिरी खवले सुटतात आणि आतून हिरवा-तांबूस कोंब डोकावतो. कोंब कोवळा, हवा गार आणि ओल भरपूर. बुरशीस याहून अधिक काय हवे?

ममी नावाचे फळ

या मळ्यांतील मुख्य रोगास तेथील लोक ‘ममी बेरी’ म्हणतात. मिसर देशात मसाला भरून जपून ठेवलेल्या प्रेतांना ममी म्हणतात हे वाचकांस ठाऊक आहेच. या रोगाने फळ सुकून, सुरकुतून, तसेच टणक होते, म्हणून हे नाव. रोगास कारण असलेल्या बुरशीचे शास्त्रीय नाव मोनिलिनिया व्हॅक्सिनी-कोरिंबोसी. नाव लांबलचक असले तरी तिचा वर्षभराचा संसार एकदा समजला की बंदोबस्ताचे सर्व उपाय आपोआप समजतात. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

मागील हंगामात गळून पडलेली ममी फळे हिवाळाभर पालापाचोळ्यात, बर्फाखाली निपचित पडून असतात. वरची साल झडून गेली की आत काळा, भोपळ्यासारख्या शिरा असलेला कठीण गोळा उरतो. फळाचे सत्त्व खाऊन बुरशीने तेथे स्वतःची शिदोरी बांधून ठेवलेली असते. काही आठवडे कडक थंडी मिळाली, मग बर्फ वितळले आणि जमीन ओली राहिली, की त्या गोळ्यातून एक बारीक देठ वर येतो आणि त्याच्या टोकास मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी पेला उमलतो. पावसाळ्यात आपल्याकडे जी अळंबी उगवतात त्यांचाच हा लांबचा नातलग. पालापाचोळ्याच्याच रंगाचा असल्यामुळे गुडघे टेकून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही.

या पेल्यांतून असंख्य सूक्ष्म बीजाणू हवेत उडतात. वाऱ्यावर तरंगत ते कोवळ्या कोंबांवर येऊन पडतात. नुसते पडून भागत नाही. रुजण्यास त्यांस पाण्याचा पातळ थर लागतो, आणि तो थर काही तास टिकावा लागतो. हवा गार असेल तर बीजाणू सावकाश रुजतात, म्हणून आठ-दहा तास ओल लागते. हवा थोडी उबदार असेल तर त्याहून कमी तासांत काम होते. त्यापूर्वी ऊन पडून पान वाळले तर बीजाणू मरून जातो. रात्रीच्या हिमाने कोंबास इजा झालेली असेल तर मात्र रोगास दार अधिकच उघडे सापडते.

एकदा बीजाणू आत शिरला की दोन-तीन आठवड्यांत कोंब मान टाकतो. पानाची मधली शीर तपकिरी पडते, पान करपल्यासारखे लोंबू लागते. नवखा माणूस म्हणतो, हिम पडले म्हणून जळाले. जाणता माणूस जवळ जाऊन पाहतो. देठाशी आणि शिरेलगत त्यास राखी रंगाची पिठूळ पूड दिसते. ही बुरशीची दुसरी पिढी.

मधमाशीची फसवणूक

या दुसऱ्या पिढीचे बीजाणू आता उमललेल्या फुलांत पोहोचले पाहिजेत. घागरीसारखे उलटे फूल, त्याचे तोंड अरुंद आणि खाली. वाऱ्याने ते साधणे कठीण. म्हणून बुरशी जे करते ते ऐकून कोणासही नवल वाटेल.

सुझान बत्रा आणि लेख राज बत्रा या संशोधक दांपत्याने १९८५ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. करपलेली पाने सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण परावर्तित करतात. आपल्या डोळ्यांस ते दिसत नाहीत; मधमाशीस दिसतात. त्यामुळे आपल्याला जे मेलेले पान दिसते ते माशीस फुलासारखे भासते. शिवाय त्या पानावर साखरेचा गोड पाझर असतो आणि त्यास मंद सुवासही येतो. माशी येते, गोड रस चाखते, अंगास पूड लावून घेते आणि तेथून खऱ्या फुलाकडे जाते. परागाबरोबर बुरशीचा बीजाणूही फुलाच्या कुक्षीवर चिकटतो. पराग जसा आपली नळी खाली बीजांडकोशापर्यंत नेतो, त्याच वाटेने बुरशीचा तंतूही आत उतरतो. ज्या पाहुणीवर सारे पीक अवलंबून, तिच्याच हातून घरात शत्रू येतो.

यानंतर फळ धरते, वाढते, आणि महिनाभर कोणासही काही कळत नाही. हिरवे फळ कापून पाहिले तर आत पांढरा कापूस भरलेला दिसतो. पण हिरवे फळ कापतो कोण? पिकण्याच्या वेळी निरोगी फळ निळे होते. रोगट फळ फिकट गुलाबी, मातकट होते, सुरकुतते आणि बहुधा तोडणीपूर्वीच गळून पडते. पडते कोठे, तर त्याच झुडपाच्या पायाशी. पुढील वसंताची शिदोरी पुन्हा जमिनीत बांधली जाते. काही गोळे तर एकाहून अधिक हिवाळे तग धरतात. म्हणून एका वर्षी रोग दिसला नाही एवढ्यावरून शेत स्वच्छ झाले असे मानता येत नाही.

आगीचा गुण आणि यंत्राचा दोष

वरील हकिकतीवरून बुरशीस कोठे गाठावयाचे हे वाचकांनी ताडले असेलच. सर्वांत सोयीची जागा जमिनीवर. ती निपचित पडली असताना.

पूर्वी मळे जाळण्याची रीत होती तेव्हा आगीत झुडपांबरोबर पालापाचोळा आणि त्यातील ममी फळेही जळून जात. पुढे जाळण्यास लागणारे तेल महाग झाले तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी यंत्राने कापणी सुरू केली. यंत्र स्वस्त पडते, जमिनीतील सेंद्रिय थरही वाचतो. परंतु ममी फळे जागच्या जागी राहतात. खर्च वाचला आणि रोग वाढला. एका बाजूस बचत केली की दुसऱ्या बाजूस किंमत मोजावी लागते, हा शेतीतील जुनाच अनुभव आहे. म्हणून जेथे रोगाचा जोर फार, तेथे मधून मधून एकदा तरी मळा जाळावा, असा सल्ला दिला जातो.

उंच झुडपांच्या बागेत आग लावता येत नाही. तेथे वसंतापूर्वी ओळींच्या मधली माती उकरून ममी फळे गाडतात किंवा झाडांखाली दोन-अडीच इंच लाकडाच्या भुशाचा थर देतात. इतक्या खोलून पेल्यास वर येता येत नाही. मात्र एकदा थर दिला की तो पुन्हा उकरू नये. नाहीतर गाडलेले भूत आपणच वर काढल्यासारखे होते.

वेळ कशी ओळखतात

एवढे करूनही काही गोळे राहतातच, आणि शेजाऱ्याच्या मळ्यातून वाऱ्यावर बीजाणू येतात ते निराळेच. तेव्हा फवारणी चुकत नाही. पण केव्हा? पूर्वी पुष्कळ शेतकरी तारखेवर भिस्त ठेवीत. अमुक तारखेस पहिली फवारणी, आठ-दहा दिवसांनी दुसरी. वसंत लवकर आला तर पहिली फवारणी उशिरा होई. उशिरा आला तर औषध वाया जाई. हल्ली हवामान बदलत चालले आहे, बर्फ लवकर वितळून पुन्हा हिम पडण्याचे प्रकार घडतात. त्यामुळे आजोबांच्या वहीतील तारखांवर विसंबणे अधिकच धोक्याचे झाले आहे.

आता तारखेच्या जागी तीन प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न : शत्रू जागा झाला काय? यासाठी शेतकरी एक साधी युक्ती करतात. हंगामाच्या अखेरीस ममी फळे गोळा करून मळ्याच्या एका ओलसर कोपऱ्यात पसरून ठेवतात. वसंत आला की रोज तेवढाच कोपरा पाहावयाचा. तेथे पेले उमलू लागले की मळ्यातही उमलले असे समजावे. अख्खा मळा गुडघ्यांवर रांगत पाहण्याची गरज राहत नाही.

दुसरा प्रश्न : झुडूप कोणत्या अवस्थेत आहे? कळी घट्ट मिटलेली असेल तोपर्यंत बीजाणूस आत वाट नाही. खवले सुटून कोंब डोकावला की धोका सुरू होतो. चटया निरनिराळ्या वेळी फुटतात हे आम्ही वर सांगितलेच. म्हणून मळ्यात तिरके चालत जाऊन ठिकठिकाणच्या कळ्या पाहतात, आणि सुमारे निम्म्या कळ्या त्या नाजूक अवस्थेत आल्या की सावध होतात. लवकर फुटणाऱ्या चटईवरून साऱ्या मळ्याचा निवाडा केला तर घाई होते. उशिरा फुटणारीवरून केला तर उशीर होतो.

तिसरा प्रश्न : ओल किती तास टिकली, आणि तेव्हा हवा किती गार होती? यासाठी मळ्यांत लहान यंत्रे बसविलेली असतात. एक कृत्रिम पान असते. ते ओले आहे की कोरडे याची नोंद होत राहते. जवळच उष्णतामापक असतो. मेन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ या नोंदी पाहून, अमुक भागात अमुक दिवशी रोग लागण्याजोगी ओल झाली, असा निरोप शेतकऱ्यांना धाडतात. जोन्सबरो येथील, पूर्वी ब्लूबेरी हिल फार्म या नावाने ओळखले जाणारे, त्या विद्यापीठाचे संशोधन क्षेत्र केवळ या रानटी ब्लूबेरीच्या अभ्यासासाठीच चालविले जाते.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली तरच फवारणी. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर थांबावयाचे. पेले आहेत, ओल आहे, पण कळी मिटलेली, थांबा. कळी फुटली, पेले आहेत, पण हवा कोरडी, थांबा. नुसते थांबल्याने एखादी फवारणी वाचते, पैसा वाचतो, आणि मातीत व पाण्यात तेवढे विष कमी जाते.

बहात्तर तासांची मुदत

आता कोणी म्हणेल, ओल होऊन गेल्यावर निरोप आला तर त्याचा उपयोग काय? बीजाणू तर आत शिरला! येथे औषधांतील एक भेद समजून घेतला पाहिजे. काही औषधे पानाच्या वर कवचासारखी बसतात. बीजाणू येण्यापूर्वी ती तेथे असली तरच काम करतात. दुसरी औषधे पानाच्या आत शिरतात आणि नुकत्याच रुजलेल्या बुरशीस आतच गाठतात. प्रॉपिकोनॅझोल हे औषध या दुसऱ्या प्रकारचे आहे. ओल सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत ते फवारले तर आत शिरलेला रोगही थांबतो, आणि पुढे आठवडाभर संरक्षणही मिळते. तीन दिवस उलटले की मात्र हाती काही राहत नाही.

शेतकऱ्याची परीक्षा या तीन दिवसांत होते. दोन दिवस पाऊस थांबत नाही. तिसऱ्या दिवशी वारा इतका की फवारा दुसऱ्याच्या मळ्यात जावा. यंत्र भाड्याचे, आणि ते मागणारे दहाजण. ज्याने औषध आधीच आणून ठेवले, पंप तपासला, पाण्याची सोय केली, तो साधतो. बाकीचे निरोप वाचून हळहळतात. शास्त्राने वेळ सांगितली तरी ती साधण्याची तयारी ज्याची त्यानेच करावयाची असते.

एकच औषध वर्षानुवर्षे मारू नये, हाही नियम महत्त्वाचा आहे. लक्षावधी बीजाणूंत एखादा त्या औषधास दाद न देणारा असतो. बाकीचे मेले की त्याचाच वंश वाढतो. म्हणून निराळ्या गटांतील औषधे आलटून पालटून वापरतात. तसेच, मळा फुलू लागला की फवारणी करताना मधमाश्यांस जपावे लागते. परागणासाठी शेतकरी दूरदूरच्या मधपाळांकडून पेट्या भाड्याने आणतात. माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी किंवा रात्री फवारणी करणे बरे. मधमाशी मेली तर रोग टळूनही फळ धरणार नाही.

मधमाशीचा विषय निघालाच आहे तर एक गोड गोष्ट सांगतो. जॉर्जिया राज्यात शास्त्रज्ञांनी असा प्रयोग केला की पेटीच्या दाराशी बॅसिलस सब्टिलिस या उपकारक जंतूची पूड ठेवावयाची. बाहेर पडताना माशीच्या अंगास ती लागते आणि फुलाफुलांत पोहोचते. तेथे तो जंतू बुरशीस वाढू देत नाही. या प्रयोगाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. जाळीच्या पिंजऱ्यांत घेतलेल्या त्या प्रयोगांत रोग कमी झाल्याचे दिसून आले. जिला बुरशीने हमाल केले होते तिलाच माणसाने वैद्य केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरी बुरशी

फुलांच्या दिवसांत राखी बुरशी म्हणून आणखी एक रोग येतो. त्यास कारण होणारी बॉट्रायटिस सिनेरिया ही बुरशी स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे यांच्यावरही येते, म्हणून आपल्याकडेही ती अनोळखी नाही. ती समुद्राजवळच्या, धुक्याच्या मळ्यांत अधिक त्रास देते. उमललेली किंवा हिमाने दुखावलेली फुले तपकिरी होतात आणि त्यांवर राखाडी केस उगवल्यासारखे दिसतात. तिला ओल अधिक काळ लागते. म्हणून कोरड्या वसंतात तिची फारशी धास्ती नाही. मळ्यातील आंबटपाल्यासारखे एक तण तिला आश्रय देते. तेव्हा तण काढणे हे येथे रोगावरील औषधही ठरते.

आपल्या बागांस यातून काय घ्यावयाचे

गोव्यातील कुळागरांत, तसेच कारवार-शिरसीकडील पोफळीच्या बागांत मृगाचा पाऊस लागला की बागाईतदाराच्या मनात कोळेरोगाची धास्ती येते. कानडीत ‘कोळे’ म्हणजे कुजणे. कोवळी सुपारी डागाळते, कुजते आणि घोसाखाली सडा पडतो. या रोगाचा पद्धतशीर अभ्यास लेस्ली कोलमन यांनी म्हैसूर संस्थानात केला आणि १९१० साली तो प्रसिद्ध केला. कारण असलेल्या फायटोफ्थोरा या जीवास आजचे शास्त्र खऱ्या बुरशींच्या कुळात धरीत नाही. परंतु ओल, कोवळे फळ आणि उडते बीजाणू हे त्रिकूट तेच आहे.

यावर कोलमन यांनी जे औषध पुढे केले ते बोर्डो मिश्रण. त्याची जन्मकथा मनोरंजक आहे. फ्रान्समधील बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे पाणी शिंपडीत. १८८२ साली मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानात आले की केवड्याने सारा मळा झडला असता एवढ्याच वेली हिरव्या आहेत. प्रयोगांती १८८५ साली त्याने हे औषध जाहीर केले.

परंतु बोर्डो हे वर कवचासारखे बसणारे औषध आहे. ते आत शिरत नाही. म्हणून तिकडे ओल झाल्यावर तीन दिवसांची जी सवड मिळते ती येथे नाही. कवच पावसापूर्वी चढले पाहिजे. म्हणून पहिली फवारणी पावसाळा लागण्याच्या तोंडावर आणि दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप साधून, अशी रीत आहे. एक टक्का मिश्रणास एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही निरनिराळ्या, लोखंडी नसलेल्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावीत. लखलखीत सुरीचे पाते क्षणभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस पूट चढले तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. आणि गळालेली रोगट सुपारी बागेत तशीच पडू देऊ नये. ती गोळा करून नष्ट करावी. ममी फळांनी मेनच्या शेतकऱ्यास जे शिकविले तेच हे.

बागाईतदारांस आमची एकच विनंती आहे. प्रत्येकाने एक वही घालावी. पहिला पाऊस कोणत्या दिवशी आला, सलग ओल किती दिवस राहिली, फवारणी केव्हा झाली, पहिले गळालेले फळ केव्हा व बागेच्या कोणत्या कोपऱ्यात दिसले, एवढे चार रकाने पुरेत. चार-पाच वर्षांत आपल्या बागेचा स्वभाव त्या वहीतून कळू लागेल. कोणता कोपरा आधी बिघडतो हे एकदा ठाऊक झाले म्हणजे तोच आपला पहारेकरी. रोज तेवढा पाहिला तरी साऱ्या बागेची खबर मिळते.

औषध बाजारात विकत मिळते आणि पंप शेजाऱ्याकडे मागता येतो. आपल्या जमिनीवर ओल केव्हा आली आणि झाड त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होते हे मात्र ज्याचे त्यानेच पाहून ठेवावे लागते. वसंतातल्या त्या पंधरा दिवसांत मेनचा शेतकरी ते गुडघे टेकून पाहतो. आपला मृग जवळ आला की आपणही बागेत एक फेरी अधिक मारावी.